बर्फ चालत नाही, सोडा चालतो

पावती अजून पाकिटात आहे, फेकवत नाही. 'आइसवाइन, ५ सेंटिलिटर, १४ युरो.' पाच सेंटिलिटर म्हणजे कटिंग चहासुद्धा नाही. आणि मी मागितला होता बर्फ!

जर्मनीत मोझेल नदीकाठी, बेर्नकास्टेलजवळच्या खेड्यात एका बागायतदाराच्या अंगणात बसलो होतो. इथे शेतकऱ्याला वर्षातले चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, घरचीच वाइन घरी विकता येते. दारावर डहाळ्यांचा झुबका दिसला की आत शिरायचं. जुलैचं ऊन, आणि रीसलिंग, म्हणजे इथली पांढरी वाइन, कोमट. ग्लासाकडे बोट दाखवून म्हणालो, "आइस, बिट्टे." पोरीनं शब्द ऐकला आइस, बोट दिसलं वाइनकडे. जर्मन माणसाला दोन शब्द दिसले की जोडल्याशिवाय राहवत नाही. घेऊन आली आइसवाइन.

तिच्यात बर्फ नसतो. उणे सातच्या खाली द्राक्षं वेलीवरच गोठली की ती तशीच तोडून पिळतात; पाणी बर्फ होऊन मागे राहतं, हाती येतो थेंबथेंब मध. परत पाठवली असती, पण कळेपर्यंत अर्धी संपली होती. फार छान होती, हेच दुखणं. हे जोडशब्द मला आधीही नडलेत. 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, गोड नसलेली, एवढं शिकून मी एकदा 'ट्रोकनबेरेनआउसलेज' घेतली. तिथे सुकलेलं असतं द्राक्ष. वाइन पाकातल्या गुलाबजामासारखी.

तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा. मी मोदकावर केचप ओतल्यासारखे बघत होते. "रीसलिंगमध्ये? बर्फ?" मग खिशातून त्यांनी चक्क थर्मामीटर काढला आणि न विचारता माझ्या ग्लासात बुडवला. "एकोणीस!" शेजारच्या तीन टेबलांना ऐकू गेलं. "हवी आठ ते दहा." मग माझी बोटं धरून ग्लासाच्या दांड्यावर बसवली. "हात म्हणजे शेगडी!" मी घाईनं "प्रोस्ट", म्हणजे चिअर्स, म्हणालो, तर तेही चुकलं. डोळ्यांत बघून म्हणायचं. नाहीतर सात वर्षं पलंगावर वाईट जातात म्हणे. आमची ही मराठीत म्हणाली, "अंतरपाट खाली आला तेव्हा तू कुठे बघत होतास रे?"

एवढ्यात आजीबाईंची शोर्ले आली. म्हणजे तीच रीसलिंग, आणि वरून ग्लासभर सोडा. थर्मामीटर खिशातच.

"आजोबा, हे चालतं?"

"ती शोर्ले आहे," ते म्हणाले.

पाणी फसफसतं असेल तर परंपरा, गोठलेलं असेल तर अडाणीपणा! तिकडे फाल्त्स या वाइनच्याच मुलखात तर अर्ध्या लिटरचे खळगेवाले ग्लास भरभरून शोर्ले पितात, त्यांना कोणी बोटं धरून शिकवत नाही. आणि कोमट आणून दिली ती चूक माझी कशी? थर्मामीटर त्या पोरीला द्या ना. बारा वर्षं इथे कर भरतोय, पण सावळा माणूस दिसला की कोणाच्याही अंगात मास्तर संचारतो. वर "जर्मन छान बोलता हो!" छान बोलत असतो तर चौदा युरो वाचले नसते का?

निघताना आजोबांनी प्रेमानं विचारलं, भारतात द्राक्षं होतात का? म्हटलं, नाशिकला या. वाइनसुद्धा होते.

"तिथे ती कशी पितात?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बर्फ घालून."