छत्तीस तासांआधीची पंधरा वर्षे

मुक्तिदिन जवळ आला की गोव्यात एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. लष्कराने 36 तासांत गोवा घेतला, गोमंतकीयांनी त्यासाठी काहीच केले नाही, 18 जून हा एका भाषणाचा दिवस आहे आणि 15 ऑगस्टशी गोव्याचा संबंध नाही. म्हणून 19 डिसेंबर तेवढा पाळावा, असे त्याचे म्हणणे आहे. ते चुकीचे आहे.

आधी 18 जून. गोव्यावर पोर्तुगालची सत्ता होती आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभेला सरकारची परवानगी लागे आणि लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. अशा काळात, 1946 साली, मडगावात भर पावसात लोक जमले. असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी आलेले समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा पोर्तुगीज अधिकारी कप्तान मिरांडाने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. बंदी उघडपणे मोडता येते, हे त्या दिवशी माणसांनी समोर पाहिले. पुढे गोव्यातील नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि डॉ. राम हेगडे यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. नुसत्या भाषणाचा एवढा धसका कोणतेही सरकार घेत नाही.

1947 साली 15 ऑगस्टला गोवा स्वतंत्र झाला नाही, एवढे त्या मजकुरातले खरे आहे. परंतु नेमक्या याच कारणाने सत्याग्रहींनी हा दिवस निवडला. 1954 साली याच तारखेला गोमंतकीय सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी याच दिवशी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गोळीबाराला सामोरे गेले. पंजाबातील इसरू गावचे कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडले आणि सागरच्या सहोद्रादेवी राय गोळ्या लागून जखमी झाल्या. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापुढे उभे राहून 15 ऑगस्ट आमचा नव्हे, असे कोणी म्हणू शकेल, यावर माझा विश्वास नाही.

'हे सगळे बाहेरचे होते', अशी पुस्तीही हल्ली जोडली जाते. पण गोव्यातल्याच अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये पोलीस कोठडीतील छळाने मरण पावले, आणि त्याच वर्षी 6 एप्रिलला म्हापशात सुधाताई जोशी यांना सभेतच अटक झाली.

राहिला 36 तासांचा मुद्दा. सैन्याच्या कामगिरीचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जवान कामी आले. मात्र पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने 19 डिसेंबर 1961 रोजी शरणागती पत्करली, तेव्हा बेती पोलीस चौकीवरील हल्ल्यात पकडले गेलेले आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढा देणाऱ्या संघटनेचे मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका जानेवारी 1969 मध्ये झाली. म्हणजे हा लढा 36 तासांत सुरू झाला नाही आणि सगळ्यांसाठी 36 तासांत संपलाही नाही.