‘नासाने सांगितलेली झाडे’ आणि रांगते मूल

नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना उद्देशून लिहिलेला एक संदेश गेली काही वर्षे कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याची रूपे वेगवेगळी असली तरी गाभा एकच आहे: स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम, झी झी प्लांट आणि पीस लिली मुलांच्या खोलीत ठेवा, ही झाडे हवा शुद्ध करतात हे नासाने सिद्ध केले आहे, स्नेक प्लांट रात्रभर ऑक्सिजन देतो, आठवड्यातून एकदा पाणी घातले की झाले, आणि मनी प्लांट तर बाटलीत ठेवला तर त्याच्याकडे बघावेही लागत नाही. या झाडांशी माझे भांडण नाही. आक्षेप आहे तो या दाव्यांना, आणि त्याहून अधिक म्हणजे घरात लहान मूल असलेल्या माणसाला जे आधी सांगायला हवे होते, ते या संदेशात कुठेच नाही याला.

नासाचे नाव आले की आपल्याकडे पुढचे कोणी विचारत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी. शास्त्रज्ञ बी. सी. वुल्वर्टन यांचा १९८९ चा नासासाठीचा अभ्यास खरा आहे, परंतु तो प्लेक्सिग्लासच्या (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या) लहान बंद पेट्यांमध्ये झाला होता. पेटीत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड किंवा ट्रायक्लोरोइथिलीन यांपैकी एखादे हवा दूषित करणारे रसायन सोडायचे आणि झाड ठेवल्यावर त्याचे प्रमाण किती उतरते ते मोजायचे, अशी ती पद्धत होती. त्यातही बरेचसे काम पानांपेक्षा मुळांजवळच्या मातीने आणि तिच्यातील जिवाणूंनी केले, हे त्या अहवालातच आले आहे. आपले घर मात्र बंद पेटी नसते. दारा-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत ये-जा करत असते आणि ती झाडापेक्षा कितीतरी वेगाने वायू बाहेर नेते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा इमारतीतील नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे उत्तर निघाले. दहा बाय बाराच्या खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते, म्हणजे अगदी खालचा आकडा धरला तरी शंभराहून अधिक कुंड्या झाल्या. मग मुलाने झोपायचे कुठे? शिवाय आपल्या घरांतली हवा बिघडवणारा फोडणीचा धूर, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांतले काहीच त्या पेटीत नव्हते. त्यांच्यासाठी खिडकी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा हेच उपाय आहेत.

रात्रीच्या ऑक्सिजनची गोष्ट अर्धसत्यावर उभी आहे. स्नेक प्लांटची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतात हे खरे. कोरड्या प्रदेशातल्या या वनस्पतीला दिवसा पाणी उडू द्यायचे नसते, म्हणून ती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि सकाळी उजेड आल्यावर वापरते. ऑक्सिजन मात्र प्रकाशात पाण्याचे रेणू फुटल्यावरच तयार होतो, आणि अंधारात हे झाड आपल्यासारखेच श्वसन करत असते. मुळात तूट आहे कुठे? विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर, म्हणजे आठ तासांत १२० लिटर ऑक्सिजन वापरतो. त्याच दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जवळजवळ सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. (रात्री झाडे ऑक्सिजन ओढून घेतात म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवू नयेत, ही उलट दिशेची भीतीही याच हिशेबाने निकालात निघते.)

‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला सर्वांत निरुपद्रवी वाटतो आणि सर्वांत जास्त झाडे त्यानेच मरतात. रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. स्नेक प्लांट जाड पानांत आणि झी झी जमिनीखालच्या कंदांत पाणी साठवतो. अशा झाडाला पावसाळ्यातही दर रविवारी पाणी मिळत राहिले की मातीत हवा उरत नाही आणि मुळे कुजतात. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) कुंडी तर वरून भुरभुरीत कोरडी दिसते आणि आत ओली असते, म्हणून बोट दोन पेरे आत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहिले ती. मनी प्लांट, झी झी, पीस लिली, तसेच घरोघरी दिसणारे शोभेचे डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या आणि सुरणाच्या कुळातली झाडे आहेत. अळू नीट शिजला नाही किंवा चिंच-आमसूल कमी पडले तर घसा का खवखवतो हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या झाडांतही असतात, आणि रांगणारे मूल पान कच्चेच चावते. तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकतात. असे झाले तर तोंडातील तुकडे काढून तोंड पाण्याने पुसावे, उलटी करवू नये, आणि सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर पानासह लगेच डॉक्टरांकडे जावे. स्नेक प्लांट या कुळातला नाही, पण त्यातील सॅपोनिन या साबणासारखा फेस करणाऱ्या द्रव्यामुळे मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. म्हणजे संदेशातील पाचांपैकी मुलाच्या हाताशी बिनधास्त ठेवण्याजोगा एकटा अरेका पाम उरतो, आणि नेमका तोच कमी देखभालीचा नाही: त्याला भरपूर उजेड आणि माती दमट लागते, आणि एसीच्या कोरड्या हवेत त्याच्या पानांची टोके तपकिरी पडतात. जे झाड दुर्लक्ष सोसते ते बहुधा चावण्यासारखे नसते. दोन्ही बाजूंनी बरा म्हणता येईल असा स्पायडर प्लांट या संदेशात नाही, ही त्यातली सर्वांत मोठी चूक मला वाटते. बाकीची झाडे उंच फळीवर किंवा टांगत्या कुंडीत ठेवता येतात, मात्र मनी प्लांटच्या वेली खाली लोंबू देऊ नयेत. कुंडीत शोभेचे पांढरे गोटेही नकोत. मूल ते पानाआधी तोंडात घालते.

राहिला बाटलीतला मनी प्लांट. साचलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंगीच्या एडिस डासाला हवे ते सगळे, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच मुंबईत महापालिकेची माणसे तपासणीला येतात तेव्हा मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आवर्जून पाहतात. नुसते वरून पाणी वाढवून उपयोग नाही, कारण मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने टिकतात. आठवड्याचा एक वार ठरवून बाटली पूर्ण रिकामी करावी, आतून घासणीने घासावी, ताटल्याही घासून उपड्या घालाव्यात. हे जमणार नसेल तर मनी प्लांट सरळ मातीत लावावा. तिथे तो बाटलीपेक्षा चांगला वाढतो.