बीटच्या रसाचा, कॉस्टिकविना, दुसऱ्या दिवशी वापरायचा नक्षीदार साबण: दाव्यागणिक उत्तर

दिवाळी जवळ आली की एक कृती मोबाईलवरून फिरायला लागते. खोबरेल तेल आणि कोरफडीचा गर एकत्र घोटा, कॉस्टिक सोडा अजिबात नको, बीट-हळद-पालकाच्या रसांनी रंगीत लाटा काढा, मिश्रण चांगलं घट्ट होऊ द्या, लिंबू पिळून साबण सौम्य करा आणि दुसऱ्या दिवशी वापरा. सोबत निळ्या-गुलाबी लाटांच्या देखण्या वडीचा फोटो असतो. फोटोतली वडी या कृतीने होत नाही, आणि कृतीतल्या काही सूचना हाताला-डोळ्याला इजा करणाऱ्या आहेत. म्हणून एकेक दावा तपासू.

‘कॉस्टिक सोडा लागत नाही.’ लागतो. तेल आणि अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार) यांची क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, दुसरी वाट नाही. कोरफड आणि खोबरेल कितीही घोटलं तरी हाती मलम येतं. जुन्या काळी राखेचं पाणी वापरत, तीही अल्कलीच. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिन या फेसाळ द्रव्यामुळे, पण त्याची वडी पडत नाही. बाजारात मिळणारा वितळवून ओतायचा तयार साबणाचा बेस ‘कॉस्टिकविना’ वाटतो, कारण ते काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. वेष्टनावर सोडियम कोकोएट किंवा सोडियम पामेट, म्हणजे कॉस्टिकने साबण झालेलं खोबरेल किंवा पाम तेल, लिहिलेलं दिसलं की समजावं.

लोकांना भीती असते ती साबणात कॉस्टिक उरण्याची. प्रमाण बरोबर असेल तर तो उरत नाही. लाटांच्या नक्षीसाठी हे प्रमाण चालतं: खोबरेल १५० ग्रॅम, ऑलिव्ह ३२५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं: खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. बेरीज ७४.५ ग्रॅम होते. त्यातून ५ टक्के मुद्दाम कमी केले की ७०.८ ग्रॅम. त्यामुळे सुमारे ५ टक्के तेल साबणात मोकळं राहतं, हीच सुरक्षिततेची जागा. पाणी १५५ ग्रॅम. तेल बदललं तर हिशेब नव्याने करायचा. ऑलिव्हच्या जागी तितकंच खोबरेल घातलं तर कॉस्टिक कमी पडतं. सगळं वजनानेच मोजा, निदान १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. दमट होऊन गोळे झालेला कॉस्टिक वापरू नका, त्याचं वजन खोटं असतं.

‘स्वयंपाकघरातलं कुठलंही पातेलं चालेल.’ ॲल्युमिनिअम अजिबात नको. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तांबं-पितळ असेल तर साबण लवकर खवट होतो. स्टेनलेस स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं जाड भांडं घ्या. आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक थोडं थोडं. उलट केलं तर उकळून अंगावर उडतं. द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापतं, वाफ घशाला झोंबते. खिडकी उघडी, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, मुलं घराच्या दुसऱ्या टोकाला.

याच कृतीच्या काही आवृत्त्यांत ‘अंगावर उडालं तर व्हिनेगर चोळा’ असंही असतं. हे करू नका. नळाखाली भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटं धुवत राहायचं. डोळ्यात गेलं तर धुणं सुरू ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यायची तजवीज करायची.

‘बीट, हळद, पालक यांचे रंग छान उतरतात.’ कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घराने पाहिलेलं आहे. हळद-चुन्याचं कुंकू होतं तेही याच गुणाने. ताज्या साबणातही हळद आधी लालसर होते, मग वडी पिकता पिकता मोहरी-पिवळ्यावर येते आणि उजेडात फिकी पडते. बीटचा गुलाबी तर कॉस्टिकमध्ये टिकतच नाही, तपकिरी होऊन बसतो. जास्वंदीचं तेच. पालक काही आठवड्यांत मातकट होतो. शिवाय रसातल्या साखरेने मिश्रण जास्त तापतं.

वनस्पतींचेच रंग हवे असतील तर मंजिष्ठा गुलाबी-मातकट लाल देते, शेंद्रीच्या बिया तेलात भिजवून पिवळा-केशरी मिळतो, रतनजोत अल्कलीत जांभळट-राखाडी होते, खरी नीळ निळी राहते. रेघ स्पष्ट आणि टिकाऊ हवी असेल तर सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचे आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, टिटॅनिअम डायऑक्साइड किंवा कोळशाची पूड. वर दिलेल्या सगळ्या घाण्याला मिळून एक चमचा पूड पुरते. ती आधी याच तेलांतल्या मोठ्या चमचाभर तेलात कालवा, नाहीतर वडीत ठिपके दिसतात. होळीचा रंग आणि शेंदूर साबणात कधीच नको.

‘घट्ट होईपर्यंत घोटा, मग लाटा काढा.’ सगळी नक्षी इथे बिघडते. घट्ट मिश्रणात रंग वाहत नाही, गोळ्याशेजारी गोळा पडतो आणि मध्ये पोकळ्या राहतात. तेल आणि कॉस्टिकचं द्रावण दोन्ही ३५ अंशांच्या आसपास आणा, मग द्रावण तेलात ओता. हँड ब्लेंडर ३-४ सेकंद चालवा, थांबा, ब्लेंडर बंद ठेवूनच ढवळा, पुन्हा ३-४ सेकंद. उलथणं वर उचलून पाहा: त्यावर तेलाच्या चकचकीत रेघा दिसेनाशा झाल्या की ब्लेंडर बाजूला. मिश्रण तेव्हा पातळ बासुंदीसारखं असतं आणि वरून पडलेला थेंब लगेच विरून जातो. थेंब क्षणभर वर रेघ ठेवून गेला तरी जमेल. भज्याच्या पिठासारखं झालं तर लाटांचा नाद सोडा आणि साधी वडी पाडा.

साधारण ६० टक्के पांढरं पातेल्यात ठेवा, उरलेलं दोन पेल्यांत रंगवा. रंग पातेल्यात तीन ठिकाणी ओता. हातभर उंचीवरून ओतला की तळाशी जातो, जवळून ओतला की वर राहतो. उलथण्याने एकच फेरी मारा आणि साच्यात ओता. दुसऱ्या फेरीचा मोह होतो, पण तिसरीला सगळं मातकट होतं.

पुण्याच्या थंडीत एक फसवणूक होते: खोबरेल थिजतं आणि मिश्रण घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण क्रिया सुरूच झालेली नसते. भांडं कोमट पाण्यात ठेवलं की पातळ होतं. लवंग आणि दालचिनीची तेलं, तसेच मोगऱ्यासारखे बरेच फुलांचे सुगंध मिश्रण मिनिटभरात आवळतात. व्हॅनिलाने वडी तपकिरी होते. नक्षीच्या घाण्यात नवा सुगंध पहिल्यांदा वापरू नये.

‘लिंबू पिळला की त्वचेइतकं पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) होतं.’ होत नाही. १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड सुमारे ०.६२ ग्रॅम कॉस्टिक खाऊन टाकतं, एवढंच. चार चमचे रसाने साबणात मोकळं तेल किंचित वाढतं, पीएच हलत नाही. खरा साबण ९-१० वरच असतो. त्वचेच्या ५.५ पर्यंत ओढायला गेलात तर साबण मोडून पुन्हा मेदाम्लं (तेलातली आम्लं) सुटतात.

‘दुसऱ्या दिवशी वापरा.’ दुसऱ्या दिवशी फक्त कापता येतो. क्रिया एक-दोन दिवसांत बहुतेक संपते, पण वडीत पाणी खूप असतं. तशीच वापरली तर आठवड्यात लगदा होते. ४ ते ६ आठवडे हवेशीर फळीवर, वड्यांत बोटभर अंतर ठेवून, अधूनमधून उलटत ठेवा. वर पांढरी पूड धरली तर तो कॉस्टिक नव्हे, धुण्याचा सोडा आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आलेला. नक्षी झाकतो पण अपाय करत नाही, वाफेवर धरून पुसता येतो. ओतल्याबरोबर साचा झाकला तर कमी येतो. कोकणात पावसाळ्यात वड्यांना घाम फुटतो, ते ग्लिसरीनने ओढलेलं पाणी, पंख्याखाली ठेवा. अनंत चतुर्दशीच्या सुमारास ओतलेला घाणा नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला तयार असतो. दसऱ्यानंतर ओतलेला नसतो.