फुकट राबायची ऐपत

अमेरिकेत लॉ स्कूलच्या मुलांना उन्हाळ्यात गरिबांची वकिली शिकायची असेल, तर घरची परिस्थिती चांगली लागते. पब्लिक डिफेंडरच्या (गरीब आरोपींच्या सरकारी वकिलाच्या) ऑफिसात किंवा लीगल एडमध्ये (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत) आठ-दहा आठवडे राबायचं आणि पगार बहुधा शून्य. वर या कामाचे पदवीसाठी लागणारे क्रेडिट हवे असतील तर पुष्कळ ठिकाणी त्यांची फीही भरायची. म्हणजे काम आपलं आणि पैसेही आपलेच!

दुसरीकडे बड्या लॉ फर्म दुसऱ्या वर्षानंतरच्या 'समर असोसिएट'ला, म्हणजे उन्हाळ्यापुरत्या कामाला घेतलेल्या विद्यार्थ्याला, नव्या वकिलाच्या दराने पगार देतात. मोठ्या शहरांत हा दर वर्षाला २,२५,००० डॉलरपर्यंत आहे, म्हणजे आठवड्याला चार हजारांच्या वर. डोक्यावर कर्ज असलेली मुलगी कुठे जाईल? तिला दोष कोण देणार?

मला खरी खोट इथे दिसते. जिच्या घरी कधीकाळी जागा खाली करायची नोटीस आली होती, तीच या कामातून गळते. आईवडील भाडं भरतात ती मुलं टिकतात.

काम तर ढीगभर पडलंय. १९६३च्या गिडियन निकालाने गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला, पण दिवाणी दाव्यांत असा सरसकट हक्क आजही नाही. गरिबांच्या दिवाणी कायदेशीर मदतीला पैसा पुरवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा २०२२चा अहवाल सांगतो की, कमी उत्पन्नाच्या लोकांच्या मोठ्या दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांमध्ये पुरेशी कायदेशीर मदत मिळालीच नाही.

यावर उपाय म्हणून कित्येक लॉ स्कूलमध्ये विद्यार्थीच अशा बिनपगारी उन्हाळी कामाला पैसे देण्यासाठी निधी उभारतात. लिलाव होतो, प्राध्यापकांसोबतच्या जेवणावर बोली लागते. मजा येते, मला तो प्रकार आवडतोही. पण उन्हाळ्याचं भाडं लिलावाच्या गर्दीवर अवलंबून ठेवायचं? एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी), हार्वर्डसारख्या श्रीमंत संस्था पात्र विद्यार्थ्यांना अशा निधीची हमी देतात. बाकी बऱ्याच ठिकाणी अर्ज करा आणि वाट बघा. २००७च्या कायद्याने दहा वर्षं सार्वजनिक सेवेत हप्ते भरल्यावर उरलेलं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होतं, ते उत्तमच. त्याने यंदाच्या जूनचं भाडं मात्र भागत नाही.

'पैसे घेतील आणि शेवटी फर्ममध्येच जातील' हा आक्षेप ठरलेला. जाऊ देत की! घरमालकाकडे वकील आणि भाडेकरू एकटा, हे कोर्टात उभं राहून पाहिलेला माणूस फर्ममध्येही मला चालेल.

अशा लॉ स्कूलचे माजी विद्यार्थी हे वाचत असतील, तर देणगीची पुढची ईमेल आल्यावर एवढंच विचारा : उन्हाळी निधी मागणाऱ्या किती मुलांना यंदा नाही म्हणालात?