दिल्याला डिझेलच पाहिजे

"नवी डिझेल सेडान मिळत नाही दिल्या, विषय संपला," असं सीए म्हणाला आणि विषय तिथून सुरू झाला.

आमचा कट्टा कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर. त्या रात्री दिल्या होता, त्याचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. मेस्त्री होते, ज्यांची हयात डिझेल इंजिनं उघडण्यात गेली. सर होते, निवृत्त, गणिताचे. सीए होता, तो खरोखरच सीए आहे. आणि मी.

दिल्याची डिझेल डिझायर मागच्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीखाली गेली. गाडी रस्त्याकडेला उभी, आत कोणी नाही, म्हणून निभावलं. सर्व्हेअरनं टोटल लॉस लिहिला, विम्याचा चेकही आला. तेरा वर्षांच्या गाडीचा चेक तो केवढा असणार! पण पैशापेक्षा दिल्याला लागलं होतं ते वेगळंच. चालती गाडी हातातून गेली होती. त्यामुळं त्याला बदली गाडी नको होती, तीच परत पाहिजे होती.

"मिळत नाही कसं? मर्सिडीजची सी 220डी आहे की. आपल्या चाकणलाच तयार होते," सर म्हणाले.

"सर, तुम्ही गप बसा," दिल्या म्हणाला. सरांना असं बोलायची परवानगी कट्ट्यावर एकट्या दिल्याला आहे, कारण तो त्यांचा विद्यार्थी आणि दोनदा नापास झालेला.

सीएचं म्हणणं खरंच होतं. एप्रिल 2020 ला बीएस6, म्हणजे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीनं डिझेलला रामराम ठोकला. व्हेंटो, रॅपिड, इटिऑस यांची डिझेल इंजिनंही त्याच सुमारास गेली. सिटी आणि व्हर्ना तग धरून होत्या. मग एप्रिल 2023 ला रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराची चाचणी आली आणि त्यांनीही डिझेल सोडलं. खिशाला झेपेल अशी डिझेल गाडी आज नवी घ्यायची तर उंच गाड्यांकडं बघायचं: व्हेन्यू, सोनेट, नेक्सॉन, थ्री एक्सओ, क्रेटा.

"मग घे की नेक्सॉन. चार मीटरच्या आतली आणि 1,500 सीसीपर्यंतची डिझेल 18 टक्क्यांच्या जीएसटीत बसते. सप्टेंबर 2025 पासनं स्वस्त झाल्यात," सीए म्हणाला.

"मला खुर्चीवर बसून गाडी चालवायची नाही. आणि माल? पार्टच्या खोक्यांना तेल असतंय. मागं उघडी डिकी असली की घरच्यांना कारखान्याचा वास. लग्नाला जायचं तर बायको शालू नेसून त्या वासात बसणार व्हय?"

हे कारण मला शंभर टक्के पटलं. सेडानबद्दल लोक ऐट, दिमाख असलं काहीबाही बोलतात. वेगळी, कुलूपबंद डिकी हा तिचा खरा गुण आहे आणि धंदेवाल्या माणसाला तो बरोबर कळतो.

मग सीएनजी निघाला. डिझायरच्या डिकीत सिलिंडर झोपतो, म्हणजे दिल्याच्या दृष्टीनं डिकीच नाही. टिगोरला टाटानं दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवून जागा वाचवलीय, पण सीएनजीवर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 95 न्यूटन मीटरच. "दोनशे किलोचे जॉब आणि खंबाटकी घाट," एवढंच मेस्त्री म्हणाले. सिटी हायब्रिडचं नाव मीच काढलं. कंपनीचा आकडा लिटरला 26 च्या वर. पण साध्या सिटीची डिकी 506 लिटरची, तर बॅटरीमुळं हायब्रिडची 306. शिवाय वीस लाखांच्या घरात. इलेक्ट्रिक म्हटल्यावर दिल्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

"पेट्रोल टर्बो घे. स्लाव्हिया नाहीतर व्हर्टस. एक लिटरचं इंजिन, 178 न्यूटन मीटर. तुझ्या डिझायरचे 190 होते. कितीसा फरक?" सीए म्हणाला.

इथं मेस्त्रींनी तंबाखू थुंकली. म्हणजे आता ते बोलणार.

"आकडा जवळ आहे, पण पेट्रोल टर्बोला लोड घालून सारखं दाबलं की ती प्यायला लागते. डिझेलला तेवढा फरक पडत नाही. आणि ते 1.3 मल्टिजेट..." मेस्त्री थांबले. फियाटच्या त्या इंजिनाबद्दल बोलताना ते गेलेल्या भावाबद्दल बोलल्यासारखे बोलतात. ते रांजणगावला बनायचं, मानेसरला बनायचं. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया, पुढं सियाझ आणि अर्टिगा, सगळ्यांत तेच. एक इंजिन शिकलं की निम्मं गॅरेज चालायचं. "पाच लाख किलोमीटर गेलेली बघितल्यात मी," मेस्त्री म्हणाले. कट्ट्यावर हा आकडा दरवर्षी थोडा वाढतो, पण मूळ मुद्दा खोटा नाही.

सरांनी मध्येच इथेनॉल आणलं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे ॲव्हरेजला फटका बसणारच. दिल्या लगेच खूश. "बघा! म्हणूनच पेट्रोल नको मला."

"तुझा दोन एकर ऊस कुठं जातोय रे?"

"कारखान्याला."

"आणि कारखाना त्याचं काय करतोय?"

दिल्या गप्प. मग म्हणाला, "मी पिकवतोच की. प्यायची सक्ती कशाला?" यावर पंधरा मिनिटं ऊसदरावर गेली. ती इथं देत नाही. कोल्हापुरात कुठलीही चर्चा तिथं जाऊन येतेच.

परत गाडीवर आल्यावर सीएनं मोबाईल काढला. पूर्वी डिझेलचा हिशेब सोपा होता, 2012 च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर होतं. 2014 मध्ये डिझेलचे भाव सरकारनं मोकळे सोडले. आज अंतर तेरा-चौदा रुपये. त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. "डिझेल आता भावनेचा प्रश्न राहिलाय," तो म्हणाला.

सरांना असलं मोघम चालत नाही. त्यांनी पायरीवरच खडूच्या तुकड्यानं मांडलं. दिल्या आठवड्याला एकदा चाकणला जातो. मोठा माल टेम्पोनं, पण अर्जंट जॉब आणि सॅम्पल गाडीत. वर्षाचे 25,000 किलोमीटर धरले. डिझेल 91 चं, लिटरला 20 जाते: 1,250 लिटर, साधारण 1 लाख 14 हजार. पेट्रोल 105 चं, टर्बो भरल्या डिकीनं 15 देईल: 1,667 लिटर, 1 लाख 75 हजार. वर्षाला 61 हजार.

"आणि तुझं?" सरांनी सीएला विचारलं. त्याची गाडी वर्षाला 8,000 चालते. फरक निघाला वीस हजारांच्या आत. "तुझ्यासाठी तू बरोबर आहेस. बस खाली."

मला वाटतं, वाद तिथंच मिटायला हवा होता. आमच्यातल्या चौघांना डिझेल घेणं मूर्खपणाचं आहे आणि दिल्याला न घेणं. पण कट्ट्यावर गणितानं कधी काही मिटलंय?

"मग दिल्लीची आण," सीएनं पवित्रा बदलला. तिकडं डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली, आधी हरित लवादाचा 2015 चा आदेश, मग 2018 ला सुप्रीम कोर्टाचा शिक्का. त्यामुळं तिकडच्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत स्वस्तात गेल्या. "पाच-सहा लाखांत मोठी जर्मन गाडी, ऑटोमॅटिक!"

"एनओसी, इथला टॅक्स, परत पासिंग," सर बोटं मोडत गेले.

"आणि पंधरा वर्षं भरत आल्यावर पुन्हा पासिंग न् ग्रीन टॅक्स. शिवाय त्या गाडीचा एक इंजेक्टर बदलायचा झाला तर माझ्याकडं आणू नकोस, बँकेत जा," मेस्त्री म्हणाले.

राहिला एकच रस्ता आणि तो मी सांगितला: 2020 ते 2023 मधली बीएस6 डिझेल, सेकंडहँड. सिटी नाहीतर व्हर्ना. व्हर्नाला 250 न्यूटन मीटर टॉर्क, तोही 1,500 आरपीएमपासून, म्हणजे भरल्या डिकीनं घाटात गिअर पाडायची कटकट कमी. इकडं नोंदलेली असेल तर निदान 2035 पर्यंत पासिंगचा घोर नाही.

दिल्याचे डोळे चमकले. मेस्त्रींचे नाही.

"डीपीएफ," ते म्हणाले. बीएस6 डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जादा डिझेल सोडून आत उष्णता वाढवतं आणि काजळी जाळतं. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग पळणारी गाडी लागते. "घर ते उद्यमनगर दोन किलोमीटर. रोज तेवढंच चालवलीस तर जाळणं अर्ध्यात तुटतंय. न जळलेलं डिझेल खाली ऑइलात उतरतंय. मग इंजिनाचं वाटोळं."

"आठवड्याला चाकणला जातोय की मी."

"मग तेच कर. गावात स्कूटर. गाडी फक्त हायवेला."

दिल्याला हे जड गेलं. गाडी आहे आणि दुकानात स्कूटरनं जायचं, लोक काय म्हणतील? यावर सर म्हणाले की उद्यमनगरात पार्किंग नाही म्हणून लोक शहाणा म्हणतील.

सांगलीला एक 2021 ची व्हर्ना आहे, पहिला मालक, 70,000 चाललेली. रविवारी बघायला जायचं ठरलं. मेस्त्रींनी अटी घातल्या. इंजिन थंड असताना गेलं पाहिजे, आधी चालू करून ठेवलेली गाडी बघणार नाहीत. ऑइलची पट्टी आधी काढायची: पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर ऑइलात डिझेल उतरलंय, तिथूनच मागं फिरायचं. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालायचं, डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर कुणीतरी जाळी फोडून पोकळ नळी बसवलीय. आणि स्कॅनर लावून काजळीचा आकडा बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

"टोकन किती न्यायचं?" दिल्यानं विचारलं.

"काही न्यायचं नाही. खिशात पैसे असले की तुला सगळ्याच गाड्या आवडतात," मेस्त्री म्हणाले.