भिगवणला सरकलेला नांगर: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू मंगळवारी रात्रीच वाचला होता. तेव्हा उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून गप्प बसलो. काल रविवारी भिगवणला जाऊन आलो आणि आज लिहितोय.

इतरांना कळावं म्हणून तुमची तक्रार आधी सांगतो. 14 फुटी फायबरच्या बोटीसाठी तुम्ही आमच्याकडून 3.2 किलोचा घडीचा ग्रॅपनेल, म्हणजे चार आकड्यांचा नांगर, 15 मीटर दोर आणि 5 इंची फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, नेलात. भिगवणजवळ उजनी धरणाच्या बॅकवॉटरला दुपारी वारं सुटलं, नांगर सरकला, बोट मच्छीमारांच्या जाळ्यात शिरली आणि जाळं फाटल्याचे 1,500 रुपये तुम्हाला मोजावे लागले. फिश फाइंडरवर जिकडेतिकडे मासे आणि गळाला एकही नाही. खोलीही चुकीची, यंत्र 2.4 मीटर म्हणतं आणि बांबू 3.1 मीटर आत जातो. परत करायला आलात तर काउंटरवर ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं. शेवटचं वाक्य तर असं, की पुण्यात बसून समुद्राचा माल विकणाऱ्यांना पाण्यातलं काय कळतं!

शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं. रविवार पेठेत समुद्र नाही, कबूल. पण खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना, भाटघर एवढं पाणी आपल्या अंगणात आहे आणि आमचं बरंचसं गिऱ्हाईक तिथलंच. खरं म्हणजे घोळही त्यामुळेच झाला. ही मंडळी जिथे बोट लावतात तिथे तळ मुरमाड नाहीतर खडकाळ, मध्येच बुडालेल्या झाडांची खोडं. ग्रॅपनेलचे चार आकडे कशात तरी अडकतात आणि काम भागतं. आमच्या पोराने सवयीने तोच काढून दिला. बोट कुठे घालणार, तळ कसला आहे, हे त्याने विचारलं नाही. मी तेव्हा गल्ल्यावरच होतो, मीही विचारलं नाही. ही चूक आमची.

उजनीचं तसं नाही. धरण 1980 सालचं. तेव्हापासून भीमेचा गाळ तिथे साचतोय आणि त्याच्याखाली बुडालेली काळी रानं. जिथे एके काळी बैलांचा नांगर चालायचा तिथे तुमच्या बोटीचाही चालला. फरक एवढाच, की बोटीचा नांगर चालायला नको असतो. अशा मऊ गाळात ग्रॅपनेल म्हणजे दाताळं. ओढलं की चार रेघा मारत येतं, धरत नाही.

आता खोलीचं. तुम्ही लिहिलंत तसं यंत्र खरंच खोटं बोलतंय का, हे मला स्वतःला बघायचं होतं. म्हणून भिगवणजवळ एका होडीवाल्या मामांना घेऊन पाण्यात गेलो. सोबत तुमच्याच मॉडेलचा एक नवा पीस, एक लांब बांबू आणि घरातली स्टीलची ताटली. (ताटलीवरून घरी बोलणी खाल्ली, ते असो.) ताटलीला कडेला तीन भोकं पाडून शिंकाळ्यासारखी दोरी बांधली, वर एक वजन ठेवलं आणि सपाट राहील अशी सावकाश खाली सोडली. यंत्र दाखवत होतं 2.5 मीटर. ताटली टेकली 2.5 मीटरच्या आसपास. मग त्याच जागी मामांनी बांबू घातला. तो थांबेचना. अंगाचा भार टाकल्यावर 3.2 मीटरला अडला. वर काढला तेव्हा खालचा जवळजवळ दीड हात काळ्या चिखलाने माखलेला. मामा म्हणाले, “साहेब, ह्यो तळ न्हाई, पिठलं हाय.”

म्हणजे तुमचं यंत्र बरोबर सांगत होतं. यंत्राचा 200 किलोहर्ट्झचा आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच परत फिरतो, बांबू त्या थरातून आरपार जातो. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोतही ते दिसतंय. तळाची रेघ फिकट, खाली विरत गेलेली. खडक किंवा कडक मुरूम असता तर ती ठसठशीत उमटली असती आणि उथळ पाण्यात बहुतेक दुप्पट खोलीवर तिची दुसरी पुसट सावलीही पडली असती. ती फिकट रेघ बघूनच म्हणायला हवं होतं, की इथे ग्रॅपनेल नको. तुम्हाला हे विकताना कुणी सांगितलं नाही, मग तुम्ही कसं ओळखणार?

माशांबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. स्क्रीनवर माशांची चित्रं यंत्र आपल्या अंदाजाने काढतं. पाण्यात मध्येच काहीही लागलं, शेवाळ असो, बुडबुडे असोत, बुडालेल्या बाभळीची फांदी असो, ते मासा काढून मोकळं होतं. त्यात तुमची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ते, फोटोत 95 टक्क्यांवर आहे आणि ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, मोटरच्या पंख्याला जवळजवळ खेटून लावलाय, म्हणजे बुडबुड्यांची कमतरता नाही. चित्रं बंद करा, सेन्सिटिव्हिटी ऑटोवर ठेवा, ट्रान्सड्यूसर पंख्यापासून हातभर लांब सरकवा. आणि आवाजाच्या 20 अंशांच्या शंकूत 2.4 मीटर खाली यंत्राला दिसतं ते जेमतेम 85 सेंटिमीटरचं वर्तुळ. तुमच्या जेवणाच्या टेबलापेक्षाही लहान. बाकीच्या तलावात काय चाललंय ते त्याला कळतच नाही. एवढ्या उथळ पाण्यात नुसते मासे बघायला मी स्वतः हे यंत्र घेतलं नसतं, आणि हे तुम्हाला पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

उजनीत त्याचा खरा उपयोग भीमेचं जुनं पात्र शोधायला. हळू जात राहा, तळाची रेघ एकदम खाली उतरली की पात्राची कड आली. गळ तिथे टाकून बघा. मामाही तिथेच टाकतात, फक्त त्यांना यंत्र लागत नाही.

दोन गोष्टी तुमच्याही बाजूच्या आहेत, रागावू नका. पहिली, तुम्हीच लिहिलंय की ‘पाणी 3 मीटर, म्हणून 6 मीटर दोर सोडला’. खोली आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळून साडेतीन मीटर धरा. त्याच्या निदान पाचपट, वारा असेल तर सातपट दोर सोडायचा. म्हणजे साडेसतरा ते साडेचोवीस मीटर. त्याहून आखूड दोर नांगराला आडवं ओढायच्या ऐवजी वर उचलतो, मग कुठलाही नांगर धरत नाही. (15 मीटरचा तुकडा आम्हीच कापून दिला, म्हणजे इथेही आमचा वाटा आहेच.) जाता जाता, आळीत मिळणारा निळा प्लॅस्टिकचा दोर स्वस्त पडतो म्हणून कुणी घेऊ नका. तो तरंगतो आणि पंख्यात अडकतो. नायलॉनचाच घ्या, तो बुडतो आणि हिसका बसला की ताणला जातो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. चौथ्या फोटोत दोर मागे, मोटरच्या फळीला बांधलाय. असं पुन्हा करू नका. मागची फळी ठेंगणी, त्यावर मोटरचं वजन. नांगराने मागची बाजू वाऱ्याकडे धरून ठेवली की लाटा थेट आत येतात आणि बोट भरायला वेळ लागत नाही. दोर नेहमी नाळेला. आणखी एक, बिलात लाइफ जॅकेट दोन आहेत आणि फोटोत माणसं चार.

आता हिशोब. ग्रॅपनेलच्या बदल्यात 4 किलोचा फाळाचा, म्हणजे डॅनफोर्थ नांगर देतो, वरचे पैसे नकोत. त्याचे दोन रुंद फाळ गाळात घुसून बसतात. सोबत 6 मिलिमीटरची 3 मीटर साखळी. तिचंच वजन सव्वादोन-अडीच किलो भरतं, त्यामुळे नांगराची दांडी खाली दाबलेली राहते. साखळी आणि नांगर जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन तारेने बांधून देऊ, नाहीतर फिरून फिरून सुटते. काठाजवळ बाभळीचे बुंधे आहेत तिथे नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि तिला एक रिकामा कॅन बांधा. अडकला तर उलटा ओढून काढता येतो.

फिश फाइंडर वर सांगितल्याप्रमाणे लावून महिनाभर वापरा. तरी नको वाटला तर परत आणा, पूर्ण पैसे देईन. ‘वापरलेला माल’ची पाटी तुमच्यासाठी लागू नाही, आणि त्या दिवशी तुमच्याशी ज्या सुरात बोललं गेलं त्याबद्दल माफी मागतो.

जाळ्याचे 1,500 रुपये पूर्ण देणार नाही. नांगर चुकीचा दिला ती आमची चूक, दोर आखूड आणि मागून सोडला ती तुमची. 750 रुपये देतो. हसाल, पण मला हा हिशोब बरोबर वाटतो.

गुरुवार सोडून कधीही या. बिल सापडत नसेल तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. येताना बोटीच्या नाळेची पाण्यापासूनची उंची तेवढी मोजून आणा, म्हणजे दोर तुमच्यासमोरच मापाचा कापून देतो.

— दुकानमालक