सातबाऱ्यावरची २६ नावं
'कोकणातल्या तरुणांत उद्योगाची मानसिकताच नाही' हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं. माझा धाकटा भाऊ २०१९ला मुंबईची नोकरी सोडून मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. परड्यात रतांब्याची, म्हणजे कोकमाची, १४ झाडं आहेत. रतांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि त्यांची सोलं (साली) उन्हात नीट वाळायच्या आत वळवाची सर येते, की धरली बुरशी! म्हणून त्याला ड्रायर आणि छोटी शेड हवी होती. बँकेने सातबारा मागितला. त्यावर पणजोबांच्या वारसांची २६ नावं. निम्मे मुंबईत, एक काका बडोद्याला, दोघांचा पत्ताच नाही. सगळ्यांची संमती आणा म्हणाले. दोन वर्षं त्यातच गेली. शेवटी वहिनीच्या बांगड्या गहाण ठेवून ड्रायर आला. शेड अजून नाही.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण ज्याच्या एकट्याच्या नावावर दोन गुंठेही नाहीत, त्याने कर्ज कशावर मागायचं? पुढच्या लेखात सामाईक जमिनीच्या वाटपावर जरूर लिहा, कळकळीची विनंती.